जुन्या गेमसाठी संगणक: सिंगल कोर की ड्युअल कोर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरचा जुना संगणक खाली काढून त्यावर पुन्हा व्हाइस सिटी, हाफ-लाइफ २ किंवा मोस्ट वाँटेड खेळायचं ठरलं, की पहिला प्रश्न प्रोसेसरचा येतो. २००३ ते २००८ च्या काळातले सुटे भाग आजही मिळतात आणि बहुतेक स्वस्तच मिळतात. पण दुकानदाराच्या त्या एका डब्यात एक कोरवाले आणि दोन कोरवाले प्रोसेसर एकत्रच पडलेले असतात. (कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग.) असे संगणक मी बरीच वर्षं जोडतोय. मला जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलंय.

पाल्हाळ नको. कोणता घेऊ?

विंडोज एक्सपीवर खेळणार असाल तर ड्युअल कोर घ्या, आणि शक्यतो इंटेलचा कोर २ ड्युओ घ्या. ई८४०० मिळाला तर पुढचा विचारच करू नका: ३ गिगाहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके), ६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), ६५ वॅट. एक्सपीच्या काळातला जवळजवळ प्रत्येक गेम तो आरामात चालवतो.

विंडोज ९८ वर खेळायचं असेल तर मात्र सिंगल कोरच घ्या. ९८ ला दुसरा कोर वापरताच येत नाही, तो नुसता पडून राहतो. शिवाय ड्युअल कोरच्या मदरबोर्डांना ९८ चे ड्रायव्हर (विंडोजला सुटे भाग चालवता यावेत म्हणून लागणारे प्रोग्राम) सहसा मिळत नाहीत. त्यासाठी पेंटियम ३ किंवा सुरुवातीचा पेंटियम ४ बरा.

पण नव्या संगणकावर हे गेम चालत नाहीत का?

पुष्कळसे चालतात. अडचण येते ती सीडी-डीव्हीडीवरच्या मूळ प्रतींना. त्या काळातल्या अनेक डिस्कवर सेफडिस्क किंवा सिक्युरॉम नावाचं कॉपी-संरक्षण असायचं, आणि २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने त्याला आधार देणं बंद केलं. कपाटात रीतसर विकत घेतलेली डिस्क आहे आणि ती चालत नाही, ही गोष्ट मनाला लागते. एक्सपीचा संगणक जोडायला एवढं कारण मला पुरेसं आहे.

दोन कोर म्हणजे दुप्पट वेग ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वयंपाकघरात एकजण पोळ्या लाटतोय आणि तोच भाजतोय, असं समजा. मदतीला दुसरा आला की एक लाटेल आणि एक भाजेल. काम लवकर होईल, पण निम्म्या वेळात होईलच असं नाही, कारण लाटून होईपर्यंत ती पोळी भाजता येत नाही. भाजणारा तव्यापाशी थांबून राहतो.

गेममध्येही असंच घडतं. पडद्यावरचं प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम तयार करताना आधी तुमची बटणं वाचायची, मग पात्रं कुठे सरकली ते ठरवायचं, कोण कोणावर आदळलं ते तपासायचं आणि शेवटी काय काढायचं ते ग्राफिक्स कार्डाला सांगायचं. यातल्या बऱ्याच गोष्टी एकीमागून एकच होतात.

आकड्यांत बघू. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. एका कोरवर एका फ्रेमला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम. त्यातलं १४ मिलिसेकंदांचं काम एकापाठोपाठच करावं लागतं आणि ६ मिलिसेकंदांचं वाटून घेता येतं. दुसरा कोर आल्यावर त्या ६ चे ३ झाले, १४ तसेच राहिले. एकूण १७, म्हणजे सेकंदाला साधारण ५९ फ्रेम. दुप्पट कोर आणि फायदा जेमतेम १८ टक्के. आणि गेम लिहिताना काम वाटायची सोयच केली नसेल, तर फायदा शून्य.

मग कंपन्यांनी दोन कोर काढलेच कशाला?

एका कोरचा वेग वाढवणं अशक्य होत चाललं होतं म्हणून. २००० साली पेंटियम ४ आला तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. चार वर्षांत तो ३.८ पर्यंत पोचला आणि तिथेच अडकला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर केला होता, पण ऑक्टोबर २००४ मध्ये तो रद्द केला. अडचण होती ती उष्णतेची. चिपला लागणारी वीज घड्याळाच्या वेगाबरोबर (म्हणजे गिगाहर्ट्झबरोबर) वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते, आणि वेग चढवायचा म्हणजे व्होल्टेजही चढवावं लागतं. शिवाय चिप बारीक करत गेलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनसुद्धा वीज गळायला लागते. तेव्हा एकाच कोरला पळवण्यापेक्षा जरा सावकाश चालणारे दोन बसवायचे, हा मार्ग उरला.

मे २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२, दोन्ही बाजारात आले.

तेव्हाचे जाणकार गेमिंगसाठी सिंगल कोरच सांगायचे. ते चुकले का?

त्या महिन्यापुरतं पाहिलं तर नाही. जून २००५ मध्ये एएमडीचा सगळ्यात वेगवान गेमिंग प्रोसेसर होता एफएक्स-५७. एकच कोर, २.८ गिगाहर्ट्झ, किंमत १,०३१ डॉलर. ड्युअल कोरमधला सर्वात वरचा एक्स२ ४८००+ होता २.४ गिगाहर्ट्झचा. आतली रचना जवळपास एकच. आता वरचंच उदाहरण घ्या. २.४ वर २० मिलिसेकंद घेणारी फ्रेम २.८ वर साधारण १७ मिलिसेकंदांत होते. म्हणजे चांगला लिहिलेला गेम दोन कोरवर जे कमावणार, ते एफएक्स-५७ नुसत्या घड्याळावर कमावत होता, आणि तेही प्रत्येक गेममध्ये. त्या वेळचे बहुतेक गेम एकाच कोरसाठी लिहिलेले होते. तेव्हा त्या जाणकारांचा हिशेब बरोबर होता.

चुकला तो पुढचा अंदाज. २००६ च्या दिवाळीत मी माझ्या मामेभावाला सिंगल कोर घ्यायला लावला आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले. दोन वर्षं त्याने मजेत काढली. मग डिसेंबर २००८ मध्ये पीसीवर जीटीए ४ आला. त्याच्या किमान अपेक्षेतच १.८ गिगाहर्ट्झचा कोर २ ड्युओ लिहिलेला होता, आणि शिफारस तर तीन-चार कोरची होती. मामेभावाच्या संगणकात कार्ड होतं, रॅम होती, फक्त कोर एकच होता. पैसे साठवून घेतलेली वस्तू घरात दोन नव्हे, चार-पाच वर्षं चालवायची असते, हे मी तेव्हा धरलंच नव्हतं. तेव्हापासून मी कोणाला सल्ला देताना पुढच्या तीन वर्षांचा विचार आधी करतो.

कोणत्या गेमला कुठला प्रोसेसर पुरतो?

गेम कोणत्या साली आला ते पाहा, तेवढ्याने बहुतेक उलगडा होतो.

२००५ च्या मध्यापर्यंतचे, म्हणजे काउंटर-स्ट्राइक १.६, व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास, फार क्राय, डूम ३, हाफ-लाइफ २, हे सगळे एका कोरवर बसवलेले. तिथे चांगला अ‍ॅथलॉन ६४ पुरतो. अपवाद जुनेही सापडतात: १९९९ च्या क्वेक ३ मध्ये दोन प्रोसेसर वापरायची सोय होती, ते पाहून मला आजही नवल वाटतं.

२००५ च्या शेवटापासून चित्र बदलायला लागलं. कॉल ऑफ ड्यूटी २ आणि क्वेक ४ हे दोन्ही ऑक्टोबर २००५ चे, आणि दोघांनाही ड्युअल कोरचा आधार मागाहून पॅचने, म्हणजे कंपनीने काढलेल्या दुरुस्ती-फाइलने, मिळाला. त्यामुळे डिस्कवरून गेम टाकून थांबू नका, पॅचही टाका, नाहीतर दुसरा कोर बसूनच राहील. त्याच सुमारास एनव्हिडियाच्या ८० मालिकेतल्या ड्रायव्हरांनीही आपलं काम दोन कोरवर वाटायला सुरुवात केली.

२००७ च्या सुप्रीम कमांडरला दुसरा कोर खरोखर हवा. शेकडो रणगाडे पडद्यावर आले की एका कोरचा जीव जातो. २००८ पासून तर काही गेमच्या डब्यावर किमान अपेक्षेत ‘ड्युअल कोर’ छापलेलंच असायचं. पीसीवरच्या असॅसिन्स क्रीडचं तसंच होतं. या बदलाला मोठं कारण म्हणजे कन्सोल. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन कोर होते. त्यासाठी गेम लिहिणाऱ्यांना काम वाटून द्यायला शिकावंच लागलं, आणि तोच गेम मग पीसीवर यायचा.

टास्क मॅनेजरमध्ये माझ्या पेंटियम ४ चे दोन आलेख दिसतात. म्हणजे तो ड्युअल कोरच ना?

नाही, ते हायपर-थ्रेडिंग. कोर एकच असतो, पण विंडोजला तो दोन असल्याचं सांगतो आणि कोरचा जो भाग एका कामात रिकामा बसलाय तो दुसऱ्या कामाला देतो. थोडा फायदा होतो, काही जुन्या गेममध्ये उलट थोडा तोटाही होतो. तोटा दिसला तर बायोसमधून (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्राममधून) बंद करता येतं.

पेंटियम डी अगदी स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

माझं मत स्पष्ट आहे: दुसरं काही मिळत असेल तर घेऊ नका. तो आला तेव्हाही स्वस्तच होता. त्यातल्या ८२० मॉडेलची किंमत २४१ डॉलर होती, तर त्या वेळचा सर्वात स्वस्त एक्स२ होता ५३७ चा. ऑगस्ट २००५ मध्ये ३५४ डॉलरचा एक्स२ ३८००+ आला. पण पेंटियम डीचे दोन कोर एकमेकांशी बोलतात ते चिपच्या बाहेरच्या बसमधून (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गावरून), रॅमची ये-जाही त्याच रस्त्याने. ८३० आणि ८४० तर १३० वॅटचे. शिवाय तो सगळ्या ७७५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची बोर्डवरची जागा) चालत नाही. ९१५ चिपसेटच्या (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपांच्या) बोर्डवर तो सॉकेटमध्ये बसेल, पण संगणक सुरू होणार नाही. त्याला ९४५ किंवा त्यापुढचा चिपसेट लागतो.

२७ जुलै २००६ ला कोर २ ड्युओ आला आणि हा सगळा वादच मिटला. १८३ डॉलरचा ई६३०० फक्त १.८६ गिगाहर्ट्झचा होता, तरी गेममध्ये ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डीला सहज मागे टाकायचा. एका ठोक्यात तो जास्त काम करायचा म्हणून. दोन वेगळ्या घराण्यांचे प्रोसेसर नुसत्या गिगाहर्ट्झवर तोलू नका, असं मी म्हणतो ते यामुळेच.

ड्युअल कोर टाकल्यापासून जुना गेम धक्के खातोय, मध्येच पळत सुटतोय. प्रोसेसर खराब आहे का?

घाबरू नका, प्रोसेसर बहुधा ठणठणीत आहे. हे एक्सपी आणि अ‍ॅथलॉन एक्स२ या जोडीवर हमखास दिसतं.

प्रत्येक कोरमध्ये ठोके मोजणारा एक काउंटर असतो. जुने गेम वेळ मोजायला तो थेट वाचायचे. एकच कोर होता तोवर ठीक होतं. दोन कोर झाले आणि वीज वाचवायला ते वेगवेगळ्या वेळी मंदावू लागले, तसे दोघांचे आकडे जुळेनासे झाले. गेम या क्षणी एका कोरवर, पुढच्या क्षणी दुसऱ्यावर. दोन भिंतींवरची दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवत असली की जे होईल तेच इथे होतं: गेमला वाटतं वेळ मागे गेली, किंवा एकदम पुढे उडी मारली.

उपाय तीन. पहिला, एएमडीचा ‘ड्युअल कोर ऑप्टिमायझर’ टाका, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. दुसरा, बूट डॉट आयएनआय या फाइलमधल्या विंडोजच्या ओळीच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘यूजपीएमटायमर’ हा पर्याय इंग्रजीत सलग लिहा. मग एक्सपी कोरचा काउंटर सोडून बोर्डवरचं घड्याळ वापरतं. पण जो गेम स्वतःच कोरचा काउंटर वाचतो, त्याला याचा उपयोग नाही. त्याला तिसरा उपाय: गेम सुरू करा, आल्ट-टॅबने बाहेर या, टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’मध्ये गेमच्या नावावर उजवी क्लिक करून ‘सेट अ‍ॅफिनिटी’ उघडा आणि ‘सीपीयू १’ वरची खूण काढा. गेम एका कोरला बांधला जातो. दर वेळी करावं लागतं, पण गेम ताबडतोब सुरळीत चालतो.

सिंगल काढून ड्युअल बसवला, पण विंडोजला एकच कोर दिसतोय.

एक्सपी टाकताना एकच कोर होता, म्हणून त्याने एका प्रोसेसरसाठीचा पाया बसवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॉम्प्युटर’ खाली ‘युनिप्रोसेसर’ लिहिलेलं दिसतंय का पाहा. तिथूनच ड्रायव्हर बदलून ‘मल्टिप्रोसेसर’ करता येतो, पण मी स्वतः विंडोज नव्याने टाकतो, म्हणजे पुढची कटकट राहत नाही. बोर्डचा बायोस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा. नव्या प्रोसेसरला ओळखत नसलेला बायोस पडद्यावर काहीच दाखवणार नाही.

एक्सपी होम एडिशनला दोन कोर चालतात. तिची मर्यादा सॉकेटची आहे, कोरची नाही.

प्रोसेसरवर खर्च करू की ग्राफिक्स कार्डावर?

आधी कोण अडवतंय ते शोधा. गेमचं रेझोल्यूशन ६४० बाय ४८० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता हजारो रुपये घालणारे मी पाहिलेत.

पहिली पंधरा-वीस मिनिटं गेम छान चालतो, मग मंदावतो. दुसरा कोर टाकला तर थांबेल?

हे कोरचं नव्हे, गरमीचं लक्षण आहे. पेंटियम ४ ठराविक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवायला मध्ये मध्ये ठोके सोडतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांच्या आसपास असते, त्यात हे चटकन होतं. हीटसिंकवरचा (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरचा) पंखा सोडवून आत बघा. गेल्याच उन्हाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका संगणकात पंख्याखाली, फिनांच्या तोंडावर, धुळीचा थर गोधडीसारखा घट्ट बसला होता. नखाने उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. खालची, प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. थर काढला, नवी पेस्ट लावली, गेम तासभर अडखळला नाही. खर्च पेस्टच्या ट्यूबपुरता.

आतमध्ये हात घातलाच आहे तर बोर्डवरच्या छोट्या नळकांड्या, म्हणजे कपॅसिटरही बघून घ्या. त्या काळात खराब कपॅसिटरांची लाटच आली होती. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकट काही ओघळलेलं दिसलं, तर तो बोर्ड दुरुस्त केल्याशिवाय त्यावर चांगला प्रोसेसर बसवू नका.

आज नवा गेमिंग संगणक घेतोय. ड्युअल कोर चालेल का?

नाही चालणार. विंडोज ११ ची किमान अट दोन कोरची आहे, पण ती विंडोज सुरू होण्यापुरती. २०१४ मध्ये फार क्राय ४ आला तेव्हाच तो साध्या दोन कोरच्या प्रोसेसरवर सुरू व्हायचा नाही, काळा पडदा दाखवून थांबायचा. आज निदान सहा कोर घ्या.

आणि २००५ चा तो जुना हिशेब अजूनही लागू पडतो, उलट बाजूने. २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी आठ कोरचा आहे, पण ९६ एमबी एल३ कॅशच्या जोरावर बहुतेक गेममध्ये तो सोळा कोरच्या ५९५०एक्सच्या पुढे राहतो. सोळा कोर व्हिडिओ संपादनाला हवेत. गेमसाठीच घेत असाल तर त्यांचे जादा पैसे मोजू नका.

एक्सपीचा संगणक इंटरनेटला जोडू का?

जोडू नका. ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीला नियमित सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, आणि १ जानेवारी २०१९ पासून स्टीमही त्यावर चालत नाही. पॅच आणि ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणा.

जुन्या बोर्डवरून प्रोसेसर काढताना काय जपायचं?

एएमडीच्या ७५४ आणि ९३९ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. वर्षानुवर्षं वाळलेली पेस्ट हीटसिंक आणि प्रोसेसरला डिंकासारखी धरून ठेवते. हीटसिंक सरळ वर ओढलात तर सॉकेटची दांडी खाली असतानाच प्रोसेसर त्याच्यासकट उपटून येतो. माझ्या हातून एक एक्स२ ४२००+ असाच उपटला गेला. एका कोपऱ्यातल्या पाच-सहा पिना आडव्या झालेल्या पाहून पोटात गोळा आला होता.

म्हणून संगणक आधी दहा मिनिटं चालवा, पेस्ट कोमट आणि मऊ होऊ द्या. मग बंद करा, वायर काढा, क्लिप सोडवा. हीटसिंक वर न ओढता डावी-उजवीकडे हळूहळू पिळत राहा. चिकट आवाज येऊन तो सैल झाला की मगच उचला. इंटेलच्या ७७५ मध्ये पिना बोर्डवरच्या सॉकेटात असतात. तिथे प्रोसेसर निघाला की लगेच सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावा आणि आत बोट घालू नका.

पिना वाकल्याच तर चिमट्याने ओढू नका. शिसं काढून टाकलेली ०.७ ची क्लिक पेन्सिल घ्या, तिची धातूची पोकळ नळी वाकलेल्या पिनेवर चढवा आणि शेजारच्या रांगेकडे बघत अगदी थोडं थोडं उभं करा. एका पिनेला मी दोन-तीन मिनिटं देतो. ४२००+ च्या त्या सगळ्या पिना अशाच सरळ झाल्या. शेवटी प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला धरून चारही बाजूंनी रांगा तपासल्या आणि सॉकेटवर ठेवला. तो जोर न लावता, स्वतःच्या वजनाने खाली बसला, तेव्हाच दांडी लावली.